मातीचे सैन्य

२०२४ च्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. सायंकाळची वेळ होती. आमच्या वरठीच्या घरी ओसरीत मी पोटावर पालथा पडलो होतो. समोर जुन्या दाराची फळी विटांवर टेकवून तिच्यावर मातीच्या दोन टेकड्या केल्या होत्या. एक डोळा मिटून, हनुवटी जमिनीला लावून मी बघत होतो, की लहान टेकडीवरच्या तोफेला मोठ्या टेकडीमागचे शिपाई दिसतात की नाही. एवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि गावातले एक शेतकरी धानाचे उपटलेले चूड हातात घेऊन आत आले. मला त्या अवस्थेत पाहून दारातच थबकले.

“सायेब, तब्येत बरी हाये न जी?”

मी धडपडत उठलो. पंचावन्नाव्या वर्षाकडे निघालेला कृषी विस्तार अधिकारी, शर्टाला माती, आणि समोर दोन इंचांचे शिपाई. काय सांगणार? मी म्हटले, “लढाई चालू आहे.” ते बिचारे हसले नाहीत. चूड पुढे करून म्हणाले, “आमच्या बांधीतबी लढाईच हाये जी. तुडतुडा लागला.”

तुडतुड्याचे त्यांना सांगितले ते मी गेली तीस वर्षे सांगत आलो आहे. वरून पाहाल तर शेत हिरवेगार दिसते. वाकून बुंधा पाहिला, तरच पाण्याच्या वरच्या अंगाला तुडतुडे दिसतात. बांधीतले पाणी दोन-चार दिवस काढा, युरिया आवरा, आणि फवारा मारायचाच झाला तर तो बुंध्यावर पडू द्या. हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आले, की मघाशी मीही पालथा पडून बुंध्याकडूनच बघत होतो. असो.

हा नाद मला आजचा नाही. आम्ही लहान असताना गावच्या शाळेत पुण्याकडचे एक गुरुजी होते. दिवाळीत मातीचा किल्ला करायची रीत पुण्या-साताऱ्याकडे घरोघरची. आपल्याकडे नागपुरात ती पुष्कळ दिसते, पण आमच्या आळीत तोवर कोणी किल्ला केला नव्हता. आमचा लहानपणचा मोठा सण म्हणजे तान्हा पोळा. सुताराने केलेला चाकाचा लाकडी नंदी ओढत घरोघर फिरायचे आणि बोजारा मागायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. गुरुजींनी १९७९ च्या दिवाळीत शाळेच्या आवारात पहिला किल्ला करवून घेतला. दगड-विटा रचायच्या, त्यावर ओले पोते टाकायचे, वरून बांधीतल्या चिखलाचा लेप द्यायचा आणि हळीव, मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. त्या रात्री गुरुजींनी कंदील लावून पन्हाळ्याचा वेढा सांगितला, १६६० ची पावनखिंड सांगितली, १६७० चा सिंहगड सांगितला. आम्ही सारी पोरे वेडी होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी आमच्या अंगणात किल्ला झाला. मी आणि दादा, आम्ही दोघांनी केला. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकाच वाड्यात दोन चुली होत्या. अंगण एकच होते.

किल्ला झाला, पण मावळे कुठले? पुण्याकडे बाजारात मिळतात, इथे कोण देणार? आम्ही कुंभाराकडे गेलो. तो पोळ्याचे मातीचे बैल सुरेख करी. त्याने चाळीस शिपाई आणि दहा घोडे करून दिले. पण बाबाच्या हाताला बैलाचेच वळण. घोड्यांना वशिंडे आली आणि मावळ्यांची तोंडे बैलासारखी लांब झाली. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. आमचे मावळे तसेच दिसत, एवढेच.

दोन दिवस शिपाई नुसते मांडून झाल्यावर दादा म्हणाला, “नुसते उभे राहून का करतील? भांडले पाहिजेत.” आणि त्याने नियम केले. पायदळाने एका पाळीत एक वीत चालायचे, घोड्याने दोन विता. समोरासमोर आले की पाच कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील, तितके समोरचे गडी बाद. तटाआड असेल त्याचा एक गडी वाचवायचा. एवढेच. अकरा-बारा वर्षांच्या पोराने केलेले हे नियम मी पुढे अनेक वेळा तपासून पाहिले. त्यात फारसे काही कमी-जास्त करावेसे वाटले नाही.

सगळ्यांना महाराजांकडून खेळायचे असे. शत्रूची बाजू कोणी घेईना, म्हणून ती दादा घेई. आणि घेतली की मन लावून खेळे. एकदा त्याने सिद्दी जौहर होऊन माझा पन्हाळा घेतलाच. मी रडत आईकडे गेलो. आई म्हणाली, “अरे, महाराज हरतात का कुठे? परत दे त्याचा किल्ला.” दादाने दिला नाही. “काकू, नियम म्हणजे नियम,” म्हणाला. काकांनी येऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तरी त्याने कवड्या उचलल्या नाहीत. त्याचा हा स्वभाव पुढे माझ्या फार कामी यायला हवा होता. तो नडला, आणि त्यात चूक माझी होती. ते पुढे येईलच.

तुमसर तालुक्यातला आंबागडही आम्ही दोघांनी मिळूनच पाहिला. देवगडच्या बख्त बुलंदाच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने बांधलेला हा किल्ला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. खरे बुरूज पाहून मी हरखलो. दादा मात्र पावलांनी अंतरे मोजत होता आणि तोफ कुठे ठेवली तर कुठवर मारा जाईल, ते बोटाने दाखवत होता.

आठवीनंतर मी शिकायला बाहेर पडलो. मग अकोल्याचे कृषी विद्यापीठ, बी.एस्सी., नोकरी, बदल्या. दादा शेतीवर राहिला. शिपाई पत्र्याच्या पेटीत गेले आणि पेटी माळ्यावर.

२०१० साली आमच्या वाटण्या झाल्या. आमच्या दोघांच्या बांध्यांमधला एक धुरा होता. तो दीड हात इकडचा की तिकडचा, असा प्रश्न निघाला. धानाच्या शेतात दीड हात म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. मी सरकारी माणूस. मला वाटले, मोजणी आणली की प्रश्न मिटेल. अर्ज दिला, पैसे भरले, तारीख ठरली. सगळे नियमाने केले. फक्त दादाला आधी सांगितले नाही. तो सकाळी शेतावर गेला, तर धुऱ्यावर मोजणीची साखळी पडलेली आणि मी बाजूला उभा. त्याने काही भांडण केले नाही. मोजणी संपेपर्यंत तिथेच थांबला आणि घरी गेला. पंधरा दिवसांत अंगणात भिंत उभी राहिली. मोजणीवर त्याने हरकत घेतली, त्यावर मी अपील केले. त्यानंतर चौदा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात समोर आलो तर मान वळवायची. बायका भिंतीवरून भाजी देत-घेत राहिल्या, हे त्यातल्या त्यात बरे.

खेळाकडे मी परत आलो तो ऑफिसच्या कामातून. शेतकरी मेळाव्यासाठी पाणलोटाचा नमुना करायचा होता. माथ्यावर सलग चर, खाली नाल्यावर बांध, त्याखाली मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, असे सगळे एका फळीवर मातीत करून दाखवायचे. मी ओसरीत बसून डोंगर थापत होतो आणि हात आपोआप बुरूज करू लागले. मेळावा झाला, फळी घरी आली. सौ. म्हणाली, “आता हे मोडा, ओसरी अडली.” मी मोडले नाही. माळ्यावरची पेटी उतरवली. पन्नासांतले सत्तावीस बैलतोंडे शिल्लक होते.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, असे खेळणारे लोक जगभर आहेत.” त्याने मला बरीच माहिती पाठवली. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे घेऊन पटावर युद्ध खेळायची कल्पना तर आपल्याच देशातल्या चतुरंगाची. त्यापासून बुद्धिबळ झाले. १८२४ साली प्रशिया देशात राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून फाशांनी लढाई खेळायचे नियम छापले, आणि तिथल्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. आपल्या लष्करातही जमिनीचा मातीचा नमुना करून बेत समजावतात. पण मोठ्या माणसांनी निव्वळ हौसेखातर खेळायचे नियम लिहिणारा पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. त्याचे शिपाई शिशाचे. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचा छोटा तुकडा उडवायचा; जो शिपाई पडेल तो मेला. आणि चालायचे किती? पायदळाने एक फूट, घोडदळाने दोन फूट!

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. एक वीत आणि दोन विता. आमच्या अंगणात कोणी ते पुस्तक पाहिले नव्हते.

वेल्स युद्धाचा भक्त नव्हता. एवढ्याशा फळीवर माणूस किती चुका करतो हे कळले, म्हणजे खरे युद्ध किती मूर्खपणाचे हेही कळते, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही.

मी खेळायला लढाई निवडली ती सीताबर्डीची. ती आपल्या जवळची, आणि आपण हरलेली. २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी नागपुरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर तोंड लागले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले. टेकड्यांवर इंग्रजांची फौज, दीड हजाराच्या आतबाहेर. त्यातले बहुतेक मद्रास आणि बंगालचे देशी शिपाई. खाली आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य, अठरा हजारांच्या घरात. त्यात तीन-चार हजार अरब आणि पस्तीसच्या वर तोफा. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथूनच मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. इंग्रजांचे आता संपलेच होते. तेवढ्यात कॅप्टन फिट्झगेराल्डने थोडक्या घोडेस्वारांनिशी खालच्या जमावावर धाव घातली आणि तो उधळला. त्यातच अरबांजवळची दारूगोळ्याची गाडी उडाली. त्या गोंधळात लहान टेकडी परत गेली. इंग्रजांची साडेतीनशेवर माणसे मेली वा जखमी झाली, पण पुढे नागपूरचे राज्य त्यांच्या मुठीत गेले.

शंभर माणसांचा एक शिपाई धरला तर इंग्रजांचे पंधरा आणि भोसल्यांचे एकशेऐंशी होतात. तेवढे करायला मला २०२४ चा सगळा पावसाळा लागला. कोणाला करायचे असतील तर अनुभव सांगतो. निव्वळ काळी माती घेऊ नका. तिचा गुण फुगण्या-आकसण्याचा. वाळताना शिपाई कमरेत तडकतो. तलावातला पिवळसर गाळ बरा. तो चाळून त्यात चौथा हिस्सा बारीक रेती मिसळा आणि दोन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्या. शिपाई उन्हात ठेवू नका, सावलीत आठवडाभर वाळवा. मग धानाच्या तुसाच्या ढिगात पुरून ढीग पेटवा आणि रात्रभर धुमसू द्या. सकाळपर्यंत शिपाई लाल होतात. माझे शंभरात वीस फुटले. भाले मात्र मातीचे करू नका, टिकत नाहीत. बांबूच्या काड्या घाला. तोंडे माझ्या हातूनही बैलासारखीच झाली, पण ती मी मुद्दाम केली, असे सगळ्यांना सांगतो.

एकट्याने खेळायला लागलो, तर वेगळीच पंचाईत. दर वेळी भोसलेच जिंकू लागले! एकशेऐंशी आणि पंधरा, दुसरे काय होणार? मग १८१७ साली हरले कसे? आपण काही तरी चुकतो आहोत, एवढे कळत होते. काय चुकते, ते कळत नव्हते. एका रविवारी सौ.ला इंग्रजांकडून खेळायला बसवले. तिने आपले दोन घोडेस्वार शेवटपर्यंत हलवले नाहीत. “घरात थोडं मागे ठेवलेलं असावं,” म्हणाली. त्या दिवशी ती हरली, पण मला घाम फुटला.

आमच्या खेळाला आणखी एक अडचण म्हणजे रेल्वे. वरठी हे भंडारा रोड स्टेशनचे गाव. कोळशाची भरलेली मालगाडी गेली की ओसरी थरथरते आणि टेकडीवरचे दोन-चार शिपाई घरंगळतात. ते मेले की जिवंत? वेल्सच्या पुस्तकात याचे उत्तर नाही.

दिवाळीत भिंतीवर एक डोके दिसले. दादाचा नातू, नऊ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरून उतरलाच. तिसऱ्या दिवशी त्याला मी अरबांचा सेनापती केला. पोरगा घरी जाऊन काय काय बोलला असेल, ते मला कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी सायंकाळी दादा त्याला जेवायला बोलवायला आला. भिंतीवरून हाक मारली असती तरी चालले असते. पण फाटकाने फिरून आला आणि ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. मी घोडेस्वार पुढे सरकवत होतो. माझा हात तसाच राहिला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाला, “घोड्याच्या दोन विता. तू अडीच टाकली.”

चौदा वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. मी घोडा अर्धी वीत मागे घेतला.

तो पायरीवर बसला. सौ.ने चहा ठेवला. मी त्याला अडचण सांगितली, की भोसले दर वेळी जिंकतात. त्याने सगळी फळी निरखून पाहिली. लढाईची हकीगत विचारली. खाली उभे असलेले हजारो लोक त्या दिवशी काय करत होते, असे विचारले. मी म्हटले, खरी झुंज अरबांनी दिली, बाकी बरेच जण बघत राहिले. दादा म्हणाला, “मंग तू सगड्यायले काहून चालवतं? ज्याचं मन नाही तो पुढं जात नाही. मनाच्या कवड्या टाक.” म्हणजे अरब सोडून कोणतीही तुकडी पुढे न्यायची तर आधी पाच कवड्या टाकायच्या, तीन उताण्या पडल्या तरच ती हलेल. त्या रात्री आम्ही तसे खेळलो. दादाने नेहमीप्रमाणे कोणाला नको असलेली बाजू घेतली, इंग्रजांची. भोसले हरले. मालगाडी गेली तेव्हा त्याचा एक शिपाई पडला. तो उचलून परत जागेवर ठेवत तो म्हणाला, “रेल्वेनं पडला तो मेला नाही.” हा नियम पक्का झाला.

दारूगोळ्याच्या गाडीलाही आम्ही नियम केला होता. पाचही कवड्या पालथ्या पडल्या की गाडी उडाली. पोराला हा भाग फार आवडे. तो तोंडाने आवाज काढी. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. भंडारा जिल्ह्यात त्या दिवशी कोणाच्या घरात नीट चूल पेटली नसेल. महिनाभर आमच्या फळीवर पोते पडून होते. मग एकदा दादा आला, पोते दूर केले, ती मातीची गाडी उचलली आणि ओसरीच्या कोनाड्यात देवाच्या दिव्याशेजारी ठेवली. मी काही विचारले नाही. गाडीशिवाय सीताबर्डीची लढाई खरे तर पुरी होत नाही. आम्ही तशीच खेळतो.

तुम्ही विचाराल, की मग धुऱ्याचे काय झाले? धुरा आहे तिथेच आहे. अपीलही चालू आहे. मोजणीच्या आधी तुला सांगायला हवे होते, हे मी दादाला होळीच्या दिवशी सांगितले. तो “हो” म्हणाला आणि कवड्या टाकल्या. हरकत त्याने मागे घेतलेली नाही, आणि मीही अपील मागे घेतलेले नाही. मागच्या तारखेला आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवर गेलो. तिथे पोचल्यावर तो एका बाकावर बसला, मी दुसऱ्या. परतताना पेट्रोलचे पैसे त्याने दिले.

सध्या कापणी-मळणीचे दिवस आहेत. खेळायला कोणाला सवड नाही. फळीवर लढाई अर्धी मांडलेली आहे. अरब लहान टेकडीच्या पायथ्याशी आहेत आणि पाळी दादाची आहे. रोज सायंकाळी नातू भिंतीवरून विचारतो, “आबानं इचारलं, मालगाडीनं कोनी पडलं का जी?” मी पोते उचलून पाहतो आणि त्याला सांगतो.